सबस्क्रायबरच्या बाजूचा फॉल्ट

रविवारी दुपारी माझ्या संगणकावरच्या डेबियन या लिनक्सच्या अवताराचं ११ चं १२ केलं, संगणक रीस्टार्ट केला आणि नेट गेलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ५.१० चा ६.१ झाला, स्क्रीनवरची चित्रंबित्रं नवी झाली, फक्त नेटवर्क कार्ड नावाची वस्तू आपल्या पोटात आहे हे संगणक साफ विसरला. घटना एवढीच. उरलेला सगळा ताप शेजारच्या काकांचा आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

खरं तर काकांना कोणी बोलावलं नव्हतं. ते सोसायटीच्या मेंटेनन्सची पावती द्यायला आले होते. पण दार उघडणाऱ्या बायकोने "काही नाही हो काका, याचं नेट गेलंय" असं उगाच सांगितलं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. हयात फॉल्ट शोधण्यात गेली. 'गेलंय' हा शब्द कानावर पडताच त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या नातवाच्या मुंजीतही पाहिलं नव्हतं. "थांब, आलो," म्हणून ते गेले आणि परत आले ते लाईनमनचा जुना हँडसेट घेऊन. काळा, जाडजूड, खाली दोन चिमटे लोंबणारा.

"लाईन कुठंय?"

मी सांगितलं, काका, लाईन व्यवस्थित आहे, हिचा लॅपटॉप वायफायवर चालू आहे. माझ्या संगणकाला वायफाय नाही, तो वायरवर चालतो, आणि प्रश्न ड्रायव्हरचा, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. काकांनी यातला 'वायर' एवढाच शब्द उचलला आणि ते टेबलाखाली शिरले. वय वर्षं बाहत्तर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खालून आवाज आला, "टॉर्च दे."

नेटवर्कची केबल त्यांनी उपटून बाहेर काढली आणि उजेडात धरली. आत आठ तारा. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी... त्यांनी एकेक मोजली.

"फोनला दोन पुरतात. या आठ कशाला?"

मी गप्प बसायला हवं होतं हे कुणीही सांगेल. पण दुपारभर संगणकाने अपमान केल्यावर माणसाला कुठेतरी आपली हुशारी दाखवावीशी वाटते. मी म्हटलं, शंभर एमबीपीएसला चारच लागतात, पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी. गिगाबिटला आठही लागतात.

"तुझ्या प्लॅनचा स्पीड किती?"

"शंभर."

"म्हणजे चार तारा वाया." काकांनी बायकोकडे पाहिलं. "आमच्या वेळी ऑडिट लागलं असतं."

मग त्यांना १९६० साली लखनौ-कानपूरदरम्यान सुरू झालेलं देशातलं पहिलं एसटीडी आठवलं. त्याआधीचे ट्रंक कॉल, अर्जंट कॉल, लायटनिंग कॉल आठवले. पावसाळ्यात कागदी वेष्टनाच्या केबलमध्ये पाणी शिरलं की अख्खी पेठ कशी मुकी व्हायची, चिखलाच्या खड्ड्यात बसून जोड कसे बदलायचे, आणि ज्यांच्यासाठी बसायचो ती माणसं वरून छत्री धरून "कधी होणार?" एवढंच कसं विचारायची, तेही आलं. हे सगळं मला खरंच आवडलं असतं. एखाद्या दुसऱ्या रविवारी, आणि केबल त्यांच्या हातात नसताना.

दरम्यान बायकोने आल्याचा चहा केला होता. चहा घेता घेता काका माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघू लागले. मी 'आयपी लिंक' ही आज्ञा दिली होती. एरवी तिच्यात कार्डाची ओळ दिसते. आता फक्त 'लो' उरलं होतं. लो म्हणजे लूपबॅक, १२७.०.०.१, यंत्राने स्वतःशीच बोलायची सोय. ती कधीच बंद पडत नाही. जगाशी संबंध तुटलेला असतानाही संगणक स्वतःशी आनंदाने बोलू शकतो.

"हे बघ, लिहिलंय की तिथे," काका म्हणाले. "लो. व्होल्टेज कमी आहे."

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बायकोला हळूच म्हणाले, "स्टॅबिलायझर आहे का घरात?"

मी दुसरी आज्ञा दिली. कार्ड जागेवर होतं, नाव-नंबरासह दिसत होतं. (या कार्डांना कंपनीगणिक क्रमांक असतो. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेऊन ठेवलाय, म्हणजे आपल्या १९७८ च्या प्रोसेसरचं नाव. गाडीला आवडीचा नंबर घेणारे लोक सगळीकडे असतात.) फक्त कोणता ड्रायव्हर वापरात आहे हे सांगणारी ओळ गायब. कर्नलमध्ये या कार्डासाठी एक ड्रायव्हर असतो, पण त्यावर माझं कनेक्शन सारखं तुटायचं, म्हणून कंपनीचा वेगळा ड्रायव्हर टाकलेला. त्याने आल्याआल्या घरच्या ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकलं. नवीन कर्नल आला की हा बाहेरचा ड्रायव्हर त्या कर्नलसाठी पुन्हा बांधून घ्यावा लागतो. ते काम डीकेएमएस नावाची सोय आपोआप करते, पण तिला नव्या कर्नलच्या हेडर फाइली, म्हणजे त्याच्या आतल्या रचनेची माहिती देणाऱ्या फाइली, लागतात. त्या आल्या नव्हत्या, आणि त्या मिळतात नेटवर.

फोन वायरने जोडून त्याचं नेट वापरता येतं. मी जोडला. फोन चार्ज होऊ लागला. बाकी काही नाही. आमच्या घरातली प्रत्येक वायर हल्ली फक्त चार्जिंगची निघते. आत डेटाच्या तारा घालायचे पैसे वाचवलेले असतात आणि बाहेरून हे कळायचा कोणताही मार्ग ठेवलेला नसतो. बायकोचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यात पेनड्राइव्ह घालायची बंदी. म्हणजे जिकडेतिकडे नेट आहे आणि मला पाव एमबीसुद्धा मिळत नाही.

केबल परत खोचून काका आता कार्डाच्या भोकाशी पोचले होते.

"इथे हिरवा दिवा लागलाय."

"हो काका."

"दिवा आहे म्हणजे लाईन चालू आहे." ते गुडघा धरत उठले, चष्मा पुसला आणि पस्तीस वर्षं ज्या आवाजात लोकांना निकाल ऐकवला असेल त्या आवाजात म्हणाले, "फॉल्ट सबस्क्रायबरच्या बाजूला आहे."

आणि माझ्याकडे पाहिलं. संगणकाकडे नाही, माझ्याकडे. बायको हसली. मुलगी आतून बाहेर येऊन हसून गेली.

मग त्यांनी विचारलं, "आधी चालू होतं?"

"सकाळपर्यंत."

"मग काय केलंस?"

"नवीन टाकलं."

"का?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. सुरक्षेच्या दुरुस्त्या, जुन्या आवृत्तीची संपत आलेली मुदत वगैरे. पण काकांसमोर ते उत्तर तोंडातून निघेना.

"आम्ही नवं एक्स्चेंज लावलं तरी जुनं लगेच काढायचो नाही. तुझं जुनं कुठंय?"

इथे मला एक गोष्ट नोंदवून ठेवायची आहे. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली जुना कर्नल शिल्लक असतो हे मला माहीत होतं. मी तिथेच चाललो होतो. टॉर्च धरायला लावलं नसतं तर केव्हाच पोचलो असतो. मी रीस्टार्ट केलं, ५.१० निवडला, जुन्या कर्नलसाठी बांधलेला जुना ड्रायव्हर जागेवर होताच. नेट आलं.

"फॉल्ट क्लिअर," काका म्हणाले. "वेळ लिहून ठेव." आणि पावतीचे पैसे घेऊन गेले.

रात्री सगळे झोपल्यावर मी खरं काम केलं, पण ते कोणी पाहिलं नाही. हेडर आणले, ड्रायव्हर बांधायला घेतला, आणि तो अडला. तक्रार अशी, की 'नेटिफ नॅपी ॲड' या कर्नलमधल्या फंक्शनला एक आकडा जास्त दिलाय. तो आकडा म्हणजे ६४. कार्डाकडून एका खेपेला जास्तीत जास्त किती पॅकेट उचलायची, ते. जवळजवळ सगळेच ड्रायव्हर तिथे ६४ लिहीत, म्हणून कर्नलवाल्यांनी ठरवलं की लिहायचंच कशाला, न लिहिता ६४ धरू. डिसेंबर २०२२ च्या ६.१ पासून तो रकाना रद्द. ज्याला वेगळा आकडा हवा त्याच्यासाठी वेगळं फंक्शन. विचार अगदी रास्त आहे. आणि त्या रास्त विचारापायी मी रविवारची दुपार टेबलाखाली टॉर्च धरून काढली.

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स आपल्या एका नियमासाठी प्रसिद्ध आहे: कर्नल बदलला म्हणून लोकांचे प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. पण ही हमी कर्नलच्या बाहेर चालणाऱ्या प्रोग्रॅमांना. आतल्या आत काहीही, कधीही बदलेल. कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन याने तर कर्नलच्या कागदपत्रांतच सविस्तर लिहून ठेवलंय की आतली रचना कायमची गोठवण्याची मागणी म्हणजे वेडेपणा आहे, तुमचा ड्रायव्हर आमच्या झाडात, म्हणजे कर्नलच्याच कोडात आणा, बदल झाला की आम्हीच तो दुरुस्त करू. मला हे पटतं, आणि राग येतो तोही त्यामुळेच. कारण कार्ड विकणारी कंपनी ड्रायव्हर झाडात आणत नाही, झिप फाइल करून एका पानावर टाकते आणि निघून जाते. दोघांचीही बाजू आपापल्या जागी ठीक आहे, आणि रात्री एक वाजता ड्रायव्हरच्या सी भाषेतल्या कोडची फाइल उघडून बसलोय मी, ज्याने दोघांपैकी कोणालाच काही मागितलं नव्हतं. कार्डाच्या खोक्यावर 'लिनक्सवर चालते' असं छापायला यांना लाज वाटत नाही. 'पुढच्या कर्नलपर्यंत' एवढं तरी शेजारी बारीक अक्षरात छापा.

मी त्या ओळीतला स्वल्पविराम आणि ६४ खोडले. ड्रायव्हर बांधला गेला. ६.१ वर नेट चालू झालं. बायकोला उठवून सांगितलं, तर म्हणाली, "ते काकांनी दुपारीच केलं ना?"

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा संदेश होता: काल इमारतीत आलेली लाईनची तक्रार दूर केली आहे, कोणालाही काही अडचण असल्यास निःसंकोच कळवावे. खाली अंगठे, हात जोडलेले, फुलं. आमच्या बायकोचाही अंगठा होता.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांच्या टीव्हीवर मालिका अडकत अडकत चालते. "तुमचा कंप्युटर ज्यांनी नीट केला ना, त्यांना जरा आमच्याकडे पाठवाल का?"

मी "सांगतो" म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.