शेवटचे चार आकडे

स्वीडनमध्ये तुमचं नाव कोणी फारसं विचारत नाही. विचारलंच तर सौजन्यापोटी, आणि उच्चारता आलं नाही की हसून सोडून देतात. खरा प्रश्न त्यानंतर येतो: "शेवटचे चार आकडे?"

हा प्रश्न औषधाच्या दुकानात येतो, दातांच्या डॉक्टरकडे येतो, चष्म्याच्या दुकानातही येतो. पर्सूननुम्मर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, नावाची ही चीज 1947 पासून इथल्या रहिवाशांच्या मानगुटीवर बसलेली आहे. आधी जन्मतारीख, तीही उलटी, म्हणजे वर्ष, महिना, दिवस. मग एक आडवी रेघ. आणि रेघेपलीकडे ते चार आकडे, ज्यांच्यावाचून या देशात पान हलत नाही. जन्मतारीख माझ्याकडे होती. रेघ मी मारू शकत होतो. अडलं होतं ते चार आकड्यांवर.

वास्तविक मी काही लपूनछपून आलो नव्हतो. पासपोर्ट होता, कंपनीचं पत्र होतं, माझा फोटो असलेलं राहण्याच्या परवान्याचं कार्ड होतं. एवढा ऐवज घेऊन मी गोथेनबर्गमधल्या एका जिममध्ये गेलो, तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "नंबर?" मी मोबाइलचा सांगितला. "तो नव्हे." मी पासपोर्ट पुढे केला. तिने तो कौतुकाने चाळला, परत दिला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तिथे चार रिकामे चौकोन होते आणि पहिल्या चौकोनात कर्सर लुकलुकत होता. "यात काही भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही," ती म्हणाली, आणि इतकी हळहळली की शेवटी मीच तिची समजूत घालून बाहेर पडलो.

सुपरमार्केटमध्ये सभासदांना कॉफी स्वस्त. सभासद व्हायला नंबर. म्हणजे बिननंबरी माणसाने कॉफीसुद्धा महागच प्यायची.

बँकेत गेलो. बँकेला स्वीडिश ओळखपत्र हवं. ओळखपत्राला नंबर हवा. नंबराला पत्ता हवा. पत्त्याला घर हवं, आणि घरमालकाला भाडेकरूची पत तपासायला काय हवं, हे आता वेगळं सांगायला नको. या चक्रात शिरायला कुठेतरी फट असते आणि ती ज्याची त्याने शोधायची असते. आम्हाला ती एका सज्जन गृहस्थाच्या रूपाने सापडली. तो कामानिमित्त उत्तरेकडे निघाला होता आणि त्याला आपलं राहतं घर पोटभाड्याने द्यायचं होतं. त्याने नंबर विचारला नाही. फक्त खिडकीतल्या झाडांना पाणी घालाल ना, एवढंच विचारलं.

घर मिळालं, पण पत्ता अजून मिळायचा होता. इथे टपाल येतं ते फ्लॅटच्या दारातल्या फटीतून, आणि त्या फटीवर तुमचं नाव नसेल तर पत्र आल्या पावली परत जाऊ शकतं. फटीवर मालकाचं छोटंसं, सुटसुटीत नाव होतं. त्याखाली मी माझ्या आणि बायकोच्या पूर्ण नावांची कागदी पट्टी चिकटवली. अक्षर कितीही बारीक काढलं तरी ती फट ओलांडून थेट कुलपापर्यंत गेली. समोरच्या आजीबाई पिशवी खाली ठेवून ती शांतपणे वाचून गेल्या; एकूण किती माणसं राहायला आली याचा त्या अंदाज घेत असाव्यात. दाराला मात्र स्वतःचा चार आकडी नंबर होता: 1302. इथल्या इमारतींमध्ये तळमजला 10 धरतात, त्यामुळे 13 म्हणजे तिसरा मजला, आणि 02 म्हणजे त्या मजल्यावरचं दुसरं दार. दाराचेही चार आकडे ठरलेले. दाराआडच्या माणसाचे मात्र अजून नाहीत.

मग कर खात्याच्या कचेरीत गेलो. लोकसंख्येची नोंदवही इथे कर खात्याकडे असते. पूर्वी हे काम चर्चचं होतं. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, हे पाद्रीबुवा लिहून ठेवत. 1 जुलै 1991 पासून ती वही कर खात्याने घेतली. देवाच्या दारात निदान पापांची क्षमा तरी होती.

दारातच यंत्र होतं, त्यातून रांगेची चिठ्ठी निघाली. म्हणजे नंबर मिळवण्यासाठी आधी नंबर. हा विनोद तिथे बसलेल्या प्रत्येकाला सुचलेला असणार. कोणीच हसत नव्हतं.

काउंटरवरचा तरुण अतिशय नम्र होता. इथे राजघराणं सोडलं तर सगळ्यांशी अरे-तुरेच चालतं, पण त्याच्या तोंडी ते 'अहो-जाहो'पेक्षा मऊ वाटलं. किमान वर्षभर राहणार का, हा मुख्य प्रश्न दोन मिनिटांत उरकला. मग त्याने पासपोर्टातल्या नावावर बोट ठेवलं.

"यातलं तुझं नाव कोणतं?"

"पहिलं माझं. दुसरं वडिलांचं. तिसरं आडनाव."

"म्हणजे तुला दोन नावं आहेत."

"नाही, एकच. दुसरं वडिलांचं."

"मग ते तुझ्या पासपोर्टावर काय करतंय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं ते तिथेच होतं, कोणी हटकलं नव्हतं. मी संस्कृतीबद्दल काही बोलणार, तेवढ्यात त्याने बायकोचा पासपोर्ट उघडला. तिथे मधल्या जागी मी होतो. त्याने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिलं.

"हिचं दुसरं नाव म्हणजे तू?"

"हो. लग्न झालं ना."

"कागद आहे?"

कागद होता, शिक्क्यासकट. त्याने समाधानाने मान डोलावली आणि पासपोर्टात आहे ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. परिणाम असा, की स्वीडनच्या नोंदवहीत माझी बायको अधिकृतरीत्या स्वतः अधिक मी अशी आहे. दवाखान्यात नर्स कधी यादीतली सगळी नावं वाचते. माझं नाव पुकारलं जातं आणि बायको उठून उभी राहते. लोक आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग आपापल्या मोबाइलकडे.

अर्ज दिला. नंबर टपालाने येणार होता. वाट बघण्याखेरीज दुसरा उद्योग नसल्यामुळे मी त्या चार आकड्यांचा अभ्यास सुरू केला. त्यातले पहिले तीन म्हणजे त्या जन्मतारखेच्या लोकांमधला क्रमांक. 1990 पूर्वी जन्मलेल्या इथल्या लोकांचे त्यातले पहिले दोन आकडे जन्माचा प्रांतही सांगतात. तिसरा आकडा पुरुषांचा विषम, बायकांचा सम. चौथा 1967 साली जोडला, तो पडताळणीचा. आधीच्या नऊ आकड्यांना (जन्मतारखेचे सहा, कारण वर्षाचे शेवटचे दोनच घेतात, आणि हे तीन) ओळीने 2, 1, 2, 1 असं गुणायचं, आलेल्या गुणाकारांतले सुटे अंक मिळवायचे, आणि बेरीज पुढच्या दहाच्या पाढ्यापर्यंत न्यायला जे कमी पडेल तो शेवटचा आकडा. म्हणजे जन्मतारीख ठाऊक असलेल्या पुरुषाला फक्त पाचशे शक्यता उरतात. मी वही घेऊन बसलो. बायको एकदा डोकावून म्हणाली, "यापेक्षा भाजी चिरून दे." पुढे नंबर आला तेव्हा माझ्या पाचशे अंदाजांपैकी एक अगदी तंतोतंत बरोबर निघाला. तिने त्याचं म्हणावं तसं कौतुक केलं नाही.

या अभ्यासात बऱ्याच गमती हाती लागल्या. वर्षाच्या आत परतणाऱ्यांना खरा नंबर मिळत नाही. त्यांना हंगामी देतात, त्यात जन्मतारखेच्या दिवसात 60 मिळवतात. ऑफिसातला एक सहकारी असा सहा महिन्यांसाठी आला होता. जन्म पंधरा तारखेचा, कागदावर पंच्याहत्तर तारखेचा. अशा माणसाची पत्रिका कोण मांडणार? दुसरं म्हणजे, एकाच तारखेचे क्रमांक संपू शकतात. जन्माचा दाखला नसलेल्या अनेक निर्वासितांची नोंद 1 जानेवारीसारख्या सोप्या तारखेवर होते, आणि त्या तारखेचा साठा आटला की शेजारची तारीख देतात. आपल्याकडे हेडमास्तरांच्या कृपेने 1 जूनला जन्मलेल्या अख्ख्या पिढ्या आहेत. त्या स्वीडनला आल्या नाहीत हे स्वीडनचं नशीब. आणि तिसरी गंमत मला सगळ्यांत आवडली: माणूस शंभरीत शिरला की त्या आडव्या रेघेच्या जागी अधिकचं चिन्ह येतं. शिशुपालाचे शंभर भरले तेव्हा काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. इथे शंभर भरले की प्लस.

एका दुपारी दारातून पत्र पडलं. साधा पांढरा कागद, त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव (ते आता माझंच), आणि आकडे. आईला फोन केला. "आधारसारखंच ना ते?" तिने विचारलं. मी सांगितलं, आधारचे बारा आकडे तुझ्याबद्दल काहीच सांगत नाहीत. हा नंबर ऐकणाऱ्याला तुझं वय कळतं, बाई की पुरुष ते कळतं. "मग पत्रिकाच म्हण की," आई म्हणाली. "जुळवून बघतात का?"

जुळवूनच बघतात. चारशे क्रोनर भरून ओळखपत्र काढलं. त्यासाठी त्यांनी फोटो काढला, सही घेतली आणि भिंतीला उभं करून उंचीही मोजली; पासपोर्टवाल्यांनाही कधी ती हवीशी वाटली नव्हती. ओळखपत्रावर बँकेत खातं, खात्यावर बँक-आयडी, म्हणजे मोबाइलवरचं ओळखपत्र, आणि बँक-आयडीवर स्विश. स्विश म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची 2012 पासूनची सोय. ती मिळेपर्यंत रस्त्याच्या कडेला शाळेच्या सहलीसाठी दालचिनीचे बन विकणाऱ्या पोरांसमोर मी शंभराची नोट धरून उभा असे. त्यातली एक चिमुरडी नोटेवरची जुन्या जमान्यातली नटी ग्रेटा गार्बो निरखून म्हणाली होती, "ही कोण?" आणि बन परत डब्यात ठेवला होता. स्विश आल्यावर मी मुद्दाम त्या रस्त्याने गेलो. बन बरा होता, थोडा कोरडा.

आता मी नंबर घडाघडा म्हणतो. इथली माणसं कमालीची संकोची. ट्राममध्ये शेजारी बसायला नको म्हणून उभी राहतील, वय विचारणं तर अशिष्टच. पण औषधाच्या दुकानात भर रांगेत स्वतःची जन्मतारीख खणखणीत आवाजात सांगतील. सांगितली नाही तरी फरक पडत नाही म्हणा. सरकारी कागद सर्वांना खुले असावेत असा कायदा इथे 1766 पासून आहे. त्यामुळे तुमचं नाव टाइप केलं की वय, पत्ता, वाढदिवस सगळं संकेतस्थळांवर हजर. कोणाचंही करपात्र उत्पन्न हवं असेल तर कर खात्याला फोन करायचा, ते सांगतात. लग्नकार्यात "पगार किती रे?" म्हणून गाठणाऱ्या माझ्या एका मावशीला हे कळलं, तेव्हा तिने स्वीडनबद्दल प्रथमच आदराने चौकशी केली.

नंबराच्या जोरावर मी हप्त्यावर फोन घ्यायला गेलो. दुकानातल्या मुलाने नंबर टाकला. चौकोन भरले, पुढचं पान उघडलं. काही दिवसांनी घरी पत्र आलं: अमुक कंपनीने आपल्या आर्थिक स्थितीची चौकशी केली आहे, आणि आम्ही त्यांना पुढील माहिती दिली आहे. मी हरखलो. या देशात कोणीतरी आपणहून माझी चौकशी केली होती! खाली माहिती होती. मागच्या वर्षीचं उत्पन्न, शून्य. त्याआधीच्या वर्षीचं, शून्य. माझी मागची सगळी कमाई या देशाबाहेरची, म्हणजे त्यांच्या वहीत नसलेली.

आम्ही दोघं पुन्हा दुकानात गेलो.

"नंबर बरोबर आहे," मुलगा म्हणाला. "पण त्यात अजून काही नाही. वर्षभर कर भर, मग ये."

"माझ्या नावावर बघ," बायको म्हणाली, आणि तिने आपले आकडे एका दमात सांगितले.

मुलाने ते टाकले, स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं.

"इथेही तुझंच नाव येतंय," तो मला म्हणाला. "आणि उत्पन्नही तेवढंच."