ओव्हेच्किनचे गोल फुकटात पडलेले नाहीत

6 एप्रिल 2025 रोजी रशियन खेळाडू अलेक्झांडर ओव्हेच्किनने एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला 895 वा गोल केला आणि कॅनडाच्या वेन ग्रेट्स्कीचा 894 गोलांचा विक्रम मागे पडला. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय, आणि दर काही आठवड्यांनी नव्याने कोणीतरी तो पुढे ढकलतं. त्याचा सारांश असा: “विक्रम पोकळ आहे. हा माणूस एका जागी उभा राहून पॉवर-प्लेत फटके मारतो, उरलेले गोल रिकाम्या जाळ्यात. शिवाय आजकाल गोल करणं सोपं झालंय. संघाला त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि शेवटी तर तो फक्त आकड्यासाठी खेळत होता.”

एवढ्या ठाम सुरात लिहिलंय की वाचणाऱ्याला वाटावं, लिहिणाऱ्याने हिशेब केला असेल. केलेला नाही.

आधी पॉवर-प्ले. आइस हॉकीत समोरच्याने नियम मोडला की तो साधारण दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर जातो आणि तेवढा वेळ पाच विरुद्ध चार असा खेळ होतो. ओव्हेच्किनचे असे गोल तीनशेच्या वर आहेत. हाही विक्रमच आहे, आणि 895 वा गोलही त्यातलाच. पण ते सगळेच्या सगळे वजा करा. तरी साडेपाचशेच्या वर गोल उरतात. अख्ख्या कारकिर्दीत मिळून तेवढे गोल ज्यांना जमले नाहीत असे कितीतरी खेळाडू आज हॉल ऑफ फेममध्ये आहेत. आणि पॉवर-प्लेचे गोल खोटे म्हणायचे असतील तर ग्रेट्स्कीचे 204 सुद्धा वगळा. तिथे मात्र कोणाची कात्री चालत नाही.

“एका जागी उभा राहतो” हे वाक्य मला सगळ्यात गमतीचं वाटतं, कारण ते अर्धं खरं आहे. पॉवर-प्लेत तो डाव्या वर्तुळात उभा राहतो, हे कित्येक वर्षांचं उघड गुपित. अमेरिकी समालोचक त्या जागेला त्याचं ‘ऑफिस’ म्हणतात. तो उजव्या हाताचा खेळाडू. डाव्या बाजूला उभा राहिला की स्टिकचं पातं पास देणाऱ्याकडे उघडं राहतं. पलीकडून निकलस बॅकस्ट्रॉम किंवा वरून जॉन कार्लसन हे त्याचे साथीदार चकती (आइस हॉकीत चेंडूऐवजी हीच असते) सोडायचे, आणि ओव्हेच्किन ती न अडवता, न थांबवता थेट हाणायचा. गोलरक्षकाला या टोकाच्या खांबापासून त्या टोकापर्यंत सरकायचं असतं; तो पोचेपर्यंत चकती जाळ्यात असते.

मग त्याच्याजवळ एक माणूस कायमचा का ठेवत नाहीत? ठेवून पाहिलाच की. पण बचाव करणारे चारच असतात. त्यातला एक ओव्हेच्किनला चिकटला की उरलेल्या बर्फावर चारांविरुद्ध तीन अशी अवस्था होते आणि जाळ्यासमोरचा माणूस मोकळा सुटतो. म्हणजे तो नुसता उभा असतो तेव्हाही समोरच्यांची मांडणी मोडत असतो. वर्षानुवर्षं सगळ्या प्रशिक्षकांना फटका कुठून येणार हे माहीत होतं, आणि तो तिथूनच येत राहिला. याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

बाकी वेळी तो उभा नसतोच. 16 जानेवारी 2006 चा फिनिक्स संघाविरुद्धचा गोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा. बचावपटूने त्याला पाडलंय, तो पाठीवर घसरत जाळ्यापासून दूर चाललाय, तोंड भलतीकडे, आणि डोक्यावरून स्टिक नेऊन त्याने चकती आत ढकलली. फिनिक्सचा प्रशिक्षक कोण होता? वेन ग्रेट्स्की. पुन्हा दाखवलेला गोल तो मान वर करून पडद्यावर बघत होता. त्याखेरीज हिट्स. ओव्हेच्किनच्या नावावर साडेतीन हजारांच्या वर धडका आहेत. एवढं अंगावर जाणारा गोलवीर मिळणं मुश्किल.

रिकाम्या जाळ्याचा मुद्दा थोडक्यात. हरणारा संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक काढून जादा खेळाडू उतरवतो, तेव्हाचे हे गोल. ओव्हेच्किनचे साठाच्या वर आहेत, ग्रेट्स्कीचे 56. हल्ली प्रशिक्षक गोलरक्षक पूर्वीपेक्षा लवकर काढतात, हेही लक्षात घ्या. फरक एवढाच. यावरून विक्रम पोकळ ठरतो, असं म्हणणाऱ्याने आधी वजाबाकी करून बघावी.

आता “आजकाल सोपं झालंय”. हा दावा चुकीचाच नाही, उलटा आहे. ग्रेट्स्कीने 1981-82 मध्ये 92 गोल केले, तेव्हा एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे. ओव्हेच्किनच्या कारकिर्दीत बराच काळ ही सरासरी साडेपाच-सहाच्या आसपास होती. ऐंशीच्या दशकात गोलरक्षक बरेचसे उभ्यानेच खेळायचे, पॅड लहान असायचे, आणि शंभरातले साधारण 88 फटके अडायचे. पुढे गुडघे टेकून जाळ्याचा खालचा भाग बंद करण्याची पद्धत रूढ झाली, पॅड वाढले, आणि हा आकडा 91 च्या आसपास गेला. ऐकायला तीनचा फरक. पण आत जाणारे बारा होते, ते नऊवर आले. म्हणजे पावभर गोल गेले.

त्यात न खेळलेले सामने मिळवा. 2004 मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्यात, त्याची पहिल्या क्रमांकावर निवड झाली आणि मालक-खेळाडूंच्या भांडणात 2004-05 चा अख्खा हंगामच रद्द. 2012-13 चा हंगाम 82 ऐवजी 48 सामन्यांचा. मग कोविडने दोन हंगाम कापले. तरी 895 वा गोल आला तो त्याच्या 1,487 व्या सामन्यात, आणि ग्रेट्स्कीची संपूर्ण कारकीर्दही बरोबर 1,487 सामन्यांची.

“संघाला उपयोग नाही” हे वाचून आपल्याकडचं “सचिनचं शतक झालं की भारत हरतो” आठवलं. त्याच्या 49 वन-डे शतकांपैकी 33 सामने भारताने जिंकले, पण सांगणारे सांगतातच. ओव्हेच्किनच्या वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाला प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पिट्सबर्गने 2009, 2016 आणि 2017 अशा तीनदा घरी पाठवलं, हे खरं. मग 2018 आलं. त्याच पिट्सबर्गला हरवून ते पुढे गेले, अंतिम फेरीत व्हेगासला 4-1 ने हरवून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. कॅपिटल्सचा तो पहिलाच. ओव्हेच्किनचे 24 सामन्यांत 15 गोल, आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

“आकड्यासाठी खेळत राहिला” म्हणणाऱ्यांनी 2024-25 चा हंगाम पाहावा. नोव्हेंबरमध्ये पायाचं हाड मोडलं, 16 सामने गेले. तरी हंगामात 65 सामन्यांत 44 गोल. वयाच्या चाळिशीला टेकलेला असताना अख्ख्या लीगमध्ये त्याच्यापेक्षा जास्त गोल दोघांचेच होते. आणि कॅपिटल्स ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पूर्वेकडच्या अर्ध्या गटात, पहिले आले. असे आकडे जमवणारा म्हातारा कोणत्या संघाला नको असेल?

त्याच्यावर टीका करायला खऱ्या जागा आहेत. ऑलिंपिकमध्ये त्याला एकही पदक नाही. 2014 ला घरच्या सोचीत रशिया उपांत्यपूर्व फेरीत फिनलंडकडून हरला तेव्हा तो अख्ख्या स्पर्धेत एकच गोल करू शकला होता. 2017 मध्ये त्याने पुतिनसाठी जाहीर मोहीम उघडली, तो राग ज्यांना आहे त्यांचा मुद्दा वेगळा आणि ऐकण्याजोगा आहे. विक्रम मोडला तेव्हाही प्लेऑफ धरून मोजलं तर ग्रेट्स्की 1,016 गोलांवर पुढेच होता. आणि ग्रेट्स्कीचे 1,963 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास) तर असे आहेत की त्याने एकही गोल केला नसता तरी गोल आणि असिस्ट मिळून होणाऱ्या एकूण गुणांत तोच पहिला राहिला असता. सर्वांत मोठा खेळाडू कोण, या वादात मीसुद्धा ग्रेट्स्कीकडेच बसेन. पण तो वाद वेगळा, आणि फिरणाऱ्या त्या मजकुरात यातलं एक अक्षर नाही.