व्हिला देस्तेची कारंजी बिनपंपाची आहेत, पण पाणी आपोआप वर चढत नाही

‘इटलीत तिवोलीला व्हिला देस्तेत रोमन काळातली कारंजी आहेत. पंप नाही, वीज नाही, तेच पाणी आपोआप वर चढतं. कधी बंद पडली नाहीत.’ खाली बाटल्या आणि नळ्या जोडून ‘घरीच करा’ असा व्हिडिओ. हे फॉरवर्ड पाहून आमच्या आत्याच्या सोसायटीत बिनविजेच्या कारंज्यासाठी वर्गणी सुरू झाली आहे, म्हणून लिहितो.

व्हिला देस्ते म्हणजे मोठ्या बागेसकटचा जुना वाडा. तिथे पंप नाहीत, हे खरं आहे. मात्र तिथे पाणी वर चढत नाही, वरूनच येतं. अनिएने नदीचं पाणी गावाच्या पोटातून, सुमारे ६०० मीटरच्या बोगद्यातून बागेच्या माथ्यावर आणलंय. बाग डोंगरउतारावर आहे. वरच्या कारंज्यातून सुटलेलं पाणी खालच्या कारंज्यांना मिळतं आणि शेवटी निघून जातं. परत वर येत नाही. मागून नदी वाहतेय, म्हणून कारंजी चालतात.

आता सोसायटीचा हिशेब. टाकी कारंज्यापेक्षा ३ मीटर उंच आणि ४ मिलिमीटरचं एकच तोंड धरा. मिनिटाला साधारण ५ लिटर पाणी जाईल. हजार लिटरची टाकी तीन-साडेतीन तासांत रिकामी. धारही ३ मीटर उडणार नाही, कारण नळीचं घर्षण आणि प्रत्येक वळण थोडी उंची खातं. खाली साचलेलं पाणी पुन्हा टाकीत चढवायला पंप लागणारच. तो गच्चीच्या टाकीचा असला तर बिल फक्त दुसऱ्या मीटरवर येईल.

व्हिडिओतलं यंत्र म्हणजे प्राचीन ग्रीक संशोधक हेरॉनचं कारंजं. वरच्या ताटलीतलं पाणी तळाच्या बाटलीत उतरतं, तिथली हवा मधल्या बाटलीत ढकलतं आणि ती हवा मधलं पाणी उडवते. मधली बाटली रिकामी झाली की खेळ संपला. व्हिडिओ त्याच्या आधीच कापलाय.

‘कधी बंद पडली नाहीत’ हे तर साफ खोटं. अठराव्या शतकात बाग ओसाड पडली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कार्डिनल होहेनलोहे यांनी ती सावरली. तिथला पाण्यावर वाजणारा ऑर्गन (नळ्यांचं वाद्य) दीर्घकाळ मुका होता, २००३ मध्ये पुन्हा वाजू लागला. त्यातही गूढ काही नाही. फ्रेंच लेखक मोंतेन १५८१ मध्ये तिथे गेला होता आणि त्याने प्रवासाच्या नोंदींत सगळं लिहून ठेवलंय: जोरात कोसळणारं पाणी बंदिस्त गुहेतली हवा रेटून नळ्यांत घालतं, आणि दुसरं पाणी दातेरी चाक फिरवून पट्ट्या दाबतं. सूर मात्र नेहमी तेच. देखभाल तर कायमचीच. तिथल्या शंभर कारंज्यांच्या भिंतीकडे नीट बघा: शेवाळ, नेचे आणि चुन्याच्या थरांखाली शिल्पपट्टी ओळखूही येत नाही.

रोमन म्हणाल तर तेही नाही. इप्पोलितो देस्ते १५५० मध्ये तिवोलीचा गव्हर्नर झाला, त्यानंतरचं हे काम, आराखडा पिरो लिगोरिओचा. रोमन होत्या त्या फक्त मूर्ती, रोमन सम्राट हेड्रियनच्या जवळच असलेल्या व्हिलातून उचलून आणलेल्या.