मसुरातली मेंढरं आणि मालीतल्या बंदुका

तीन दिवसांमागं आमच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात जुंपली. चिकोडीकडच्या एका धनगराचा कळप रात्री मसुरात शिरला. सकाळी काठ्या निघाल्या, कानडी-मराठी दोन्हींत शिव्या झाल्या. शेवटी तात्यांच्या कट्ट्यावर चहा. ठरलं असं की धनगरानं मसूरवाल्याच्या मोकळ्या रानात तीन रात्री मेंढरं फुकट बसवायची. एरवी त्या लेंडीखतासाठी धान्य मोजून द्यावं लागतं. मिटलं.

ग्रुपवर पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या जिहादी हल्ल्यांची बातमी आली की कुणीतरी लिहितंच, ‘सैन्य घाला आणि एकदाचं साफ करा.’ मला मात्र तिथंही आधी गुरंच दिसतात.

नायजर नदीचा पूर ओसरला की मोप्तीच्या बाजूला बुर्गू गवताची कुरणं उघडी पडतात. फुलानी गुराख्यांना तिथं शिरायला कुरणाच्या वतनदारांना पैसे मोजावे लागत, आणि दर वाढतच गेले. दाद मागावी तर अधिकाऱ्यांचेही हात ओले करायचे. अमादू कुफाची कतिबा मासिना ही जिहादी संघटना २०१५ च्या सुमारास तिथं उभी राहिली. कित्येक ठिकाणी तिनं तो दर खाली आणला आणि तंटे जागच्या जागी निकालात काढले. धर्माची भाषणं होतीच. पण गुराख्याला आधी गवत मिळालं. पुढं याच लोकांनी गावंच्या गावं वेठीला धरली, ते निराळं.

२०१३ मध्ये फ्रेंच फौज उतरली, त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनाही आली. जिहाद्यांच्या ताब्यातली उत्तरेतली शहरं सोडवायला बंदूकच लागणार होती, त्यात वाद नाही. मग मार्च २०२२ मध्ये मूरा गावात मालीचं सैन्य आणि परदेशी हत्यारबंद लोक शिरले. पाचशेवर माणसं मारली गेली, असं संयुक्त राष्ट्रांचाच अहवाल सांगतो. त्या घरांतली पोरं कुठं जाणार? संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं (यूएनडीपी) आफ्रिकेत अशा संघटनांत आपणहून गेलेल्यांना विचारलं होतं. २०१७ च्या त्या अहवालात ७१ टक्के जणांनी शेवटचं निमित्त सरकारी कारवाईचं सांगितलं. घरचा नाहीतर मित्र मारला गेला किंवा उचलून नेला, वगैरे.

आपल्याकडंही मिझोराममध्ये बंड मोडायला १९६६ ला ऐजॉलवर विमानांतून मारा झाला, पुढं गावं उठवून रस्त्याकडेला वसवली. करार व्हायला १९८६ उजाडलं, आणि ज्यांच्याशी लढलो ते लालडेंगा मुख्यमंत्री झाले. वीस वर्षं! आमचा सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. वैताग येतो, पण तारीख तरी पडते.

तात्या मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. काश्मीरला राष्ट्रीय रायफल्समध्ये होते. म्हणतात, ‘झडती झाली की साहेब ट्रंकेतले कपडे परत घड्या घालून ठेवायला लावायचे. रात्रभर थंडीत जागलेले आम्ही, आणि कुणा म्हातारीच्या फेरनच्या घड्या घालतोय. लई राग यायचा.’ मी विचारलं, ‘सगळ्याच तुकड्या असं करायच्या?’ तात्यांनी कपातला उरलेला चहा संपवला आणि मसूरवाल्याला हाक मारली.

काल तिसरी रात्र झाली. मसूरवाला म्हणतोय, ‘अजून एक रात्र बसव, पैसे देतो.’ धनगर म्हणतोय, ‘पैसे नकोत, जोंधळा दे.’