थेसालोनिकीची ज्यू दफनभूमी एकट्या नाझींनी उखडली?

ग्रीसमधल्या थेसालोनिकीबद्दल एक मजकूर सर्रास फिरतो: ‘इथली ज्यू दफनभूमी नाझींनी नष्ट केली. युद्धानंतर त्या ओसाड जागेवर विद्यापीठ उभं राहिलं. 2014 साली आवारात स्मारक झालं आणि जुना हिशेब मिटला.’ तिन्ही वाक्यांत गफलत आहे.

आधी ‘नाझींनी’. शहर जर्मनांच्या ताब्यात होतं आणि माक्स मेर्टेन या जर्मन प्रशासकाच्या संमतीशिवाय काहीच झालं नसतं, हे मान्य. पण 6 डिसेंबर 1942 ला थडगी फोडायला आले ते महापालिकेचे सुमारे 500 मजूर. जागेवर डोळा तर फार आधीपासून होता. 1917 च्या आगीनंतर एर्नेस्त एब्रार या फ्रेंच वास्तुरचनाकाराने शहराचा नवा आराखडा केला, त्यातच विद्यापीठासाठी हा भाग धरला होता. 1937 मध्ये कायदा करून दफनभूमीचा एक तुकडा विद्यापीठाला दिलाही गेला. ज्यू धर्मशास्त्रात थडगं कायमचं असतं, त्यामुळे समाजाचा विरोध होता. जर्मन फौजा आल्या एप्रिल 1941 मध्ये. शहरातल्या अधिकाऱ्यांची जुनी इच्छा त्यांच्या राजवटीत पुरी झाली, एवढंच.

‘ओसाड’ हा शब्द तर संतापजनक आहे. सुमारे 86 एकर जमीन, अंदाजे 3 ते 5 लाख थडगी. 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या कित्येक पिढ्या इथे पुरलेल्या. ज्यूंना ऑश्वित्झच्या मृत्युछावणीकडे नेणारी पहिली गाडी निघाली 15 मार्च 1943 ला, म्हणजे तोडफोड सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी. थडगी फुटत होती तेव्हा त्यांचे वारस त्याच शहरात राहत होते. काहींनी घाईघाईने आपल्या माणसांची हाडं गोळा करून दुसरीकडे नेली. त्यानंतर शहरातले 45 हजारांहून अधिक ज्यू छावण्यांकडे पाठवले गेले. जागेला कोणी वाली उरला नाही तो असा.

आणि दगड? ते हवेत विरले नाहीत. जर्मनांनी त्यांतून पोहण्याचा तलाव बांधला. बाकीचा संगमरवर फरसबंदीत, भिंतींत, अगदी संत दिमित्रिओसच्या चर्चच्या डागडुजीतही गेला. हे सगळं शहराच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

राहिलं स्मारक. ते झालं हे चांगलंच. तेव्हाचे महापौर यानिस बुतारिस यांनी अनावरणाच्या वेळी शहराच्या दीर्घ मौनाची लाज वाटते असं जाहीरपणे सांगितलं. फिरणाऱ्या मजकुरात नेमकं हेच गाळलेलं असतं. तिथे दोष फक्त बर्लिनचा. ज्या विद्यापीठाच्या इमारती थडग्यांवर उभ्या आहेत, तिथे ही गोष्ट सांगणारी खूण उभी राहायला जवळपास 70 वर्षं लागली. हिशेब मिटला म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक तपशील: जानेवारी 2019 मध्ये याच स्मारकाची तोडफोड झाली, तेव्हा शहरात एकही नाझी अधिकारी नव्हता.