थकलेल्या माणसाला आधी भाकर

गेल्या रविवारी मिरजेत चर्चमधली उपासना संपल्यावर आमच्या मंडळीतल्या एक ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत गं. माझा विश्वास संपला असेल का?" यजमानांच्या डायलिसिसचे त्यांचे हे तिसरे वर्ष आहे. उभ्या उभ्या मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून त्यांना विचारूनच येथे लिहीत आहे.

माझी आई अर्धांगवायूने चार वर्षे अंथरुणाला खिळली होती. रात्री दोनदा उठून तिची कूस बदलायची आणि सकाळी कामावर जायचे, अशा दिवसांत एका वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यांनी मला सांगितले, की तू विश्वासात कमी पडतेस, उपास कर. त्यांचा हेतू वाईट नसेल. पण ते वाक्य मी कित्येक महिने अपराध्यासारखे वागवले, आणि ते चुकीचे होते असे मी आज ठामपणे म्हणते.

बायबलमधल्या एलीयाचेच पाहा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आणि रानात एका झुडपाखाली बसून, आता पुरे झाले, माझा प्राण घे, असे परमेश्वराला म्हणाला. त्यावर देवाने त्याला बोल लावला नाही. त्याला झोपू दिले. दूताने उठवले ते निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देण्यासाठी. तो खाऊन पुन्हा झोपला, तरीही दूत रागावला नाही. दुसऱ्यांदा उठवून म्हणाला, खा, कारण पुढची वाट तुला झेपणारी नाही. "एलीया, तू येथे काय करतोस?" हा प्रश्न आला तो चाळीस दिवस चालून तो देवाच्या डोंगराला, होरेबला पोहोचल्यावर. आपण मात्र थकलेल्या माणसाला तो प्रश्न आधी विचारतो आणि भाकरीचे विसरून जातो.

चांगले करण्याचा कंटाळा करू नये, न खचल्यास यथाकाळी पीक पदरी पडेल, हे प्रेषित पौलाने गलतीकरांच्या मंडळ्यांना पत्रात लिहिलेले वचनही आपण अनेकदा चाबकासारखे वापरतो. कृष्णाकाठच्या आपल्या लोकांना 'यथाकाळी' समजावून सांगायला नको. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. पण त्या वचनात पौल 'तू' म्हणत नाही, 'आपण' म्हणतो. शेतकरी आजारी पडला तर त्याच्या पाळीचे पाणी भावकीतले कोणीतरी पाजते, आणि पीक त्याचेच राहते. अमालेकी लोकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात वर असेपर्यंतच इस्राएलाची सरशी होत होती. ते हात भरून आले, तेव्हा त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर यांनी सूर्य मावळेपर्यंत ते धरून ठेवलेच की!

पंडिता रमाबाईंचे उदाहरणही एकटीच्या पोलादी निर्धाराचे म्हणून दिले जाते. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेल्यावरही त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून चालवलेले बायबलचे मराठी भाषांतर सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, हे खरेच आहे. पण ते छापण्याचे काम केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातांनी झाले, हेही त्याच्याबरोबर सांगितले पाहिजे.

आईच्या शेवटच्या वर्षी मंडळीतल्या एक मावशी दर गुरुवारी दुपारी येत, मला आतल्या खोलीत झोपायला पाठवत आणि आईच्या उशाशी बसून तेविसावे स्तोत्र मोठ्याने म्हणत. ते दोन तास मी गाढ झोपत असे. त्या काळात माझ्या वाट्याची प्रार्थना त्यांनीच केली, आणि देवाने ती माझीच म्हणून धरली असावी, असे मी मनापासून मानते.

या गुरुवारपासून मी ताईंकडे जाणार आहे. त्यांनी प्रार्थनेला बसलेच पाहिजे असे नाही. त्या झोपल्या तरी चालेल. सोमवारची दुपार अजून रिकामी आहे, मंडळीपैकी कोणाला जमत असेल तर मला कळवावे.