खुलासा: कॅमेऱ्याला तळ्यातला प्रत्येक मासा ओळखता येत नाही

‘नॉर्वेत कॅमेरा प्रत्येक माशाचा चेहरा ओळखतो, आता आपल्या शेततळ्यातही बसवा’ असा मेसेज फिरतोय. यात अर्धंच खरं आहे. तिथे सर्माक कंपनीच्या आयफार्म प्रकल्पात सॅल्मनच्या ठिपक्यांवरून एकेक मासा ओळखायचा प्रयत्न झाला. सॅल्मन हवा गिळायला वर येतो, त्या वाटेवरच कॅमेरा. युक्ती झकास! पण समुद्रातल्या जाळीच्या एका पिंजऱ्यात २ लाखांपर्यंत मासे. नेहमीचा कॅमेरा समोरून जाणाऱ्यांचाच माग काढतो, बाकी सगळा अंदाज.

आपल्या रोहू-कटल्याच्या तळ्यात पाणी हिरवट असतं आणि तसंच लागतं, कटला त्यातल्या प्लवकांवरच (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) पोसतो. कोपरापर्यंत हात बुडवला की तळवा दिसेनासा होतो, तिथे कॅमेऱ्याला काय दिसणार? माशांची वाढ बघायला पागच (फेकायचं जाळं) टाकावा लागतो.